मोह वेचता येते का?

आमच्या जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयाला लागून परिचारिकांचे विद्यालय आहे. तेथील मुख्य शिक्षिकेने निरोप पाठवून मला बोलावले होते. मी स्त्रियांच्या वॉर्डात पाऊल ठेवले, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर पांढऱ्या गणवेशातील एक प्रौढ बाई चपला काढून, दोन्ही हात पोटावर जुळवून, छताकडे एकटक पाहत निजलेल्या होत्या. सेवा करणारीच आजारी पडली की काय, अशा शंकेने मी पाय न वाजवता परत फिरू लागलो. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"थांबा गुरुजी, आभाळ पाहून राह्यली."

"कोणाचे आभाळ?" मी विचारले.

"रोग्याचं. आपन उभ्यानं वॉर्ड पाहतो, तं आपल्याले फरशी दिसते. फरशी चकचक हाये. पन त्याले दिवसभर हे दिसते. तो कोपऱ्यातला जाळा पाहा. हा पंखा आइका, कसा कन्हून राह्यला. याच्याखाली तीन दिवस झोपलं तं धडधाकट मानूस बिमार पडन."

त्या उठल्या, चादरीची सुरकुती मोडली, चपला घातल्या आणि मला नमस्कार केला. ज्यांनी मला बोलावले होते त्या बाईंचे मला झालेले पहिले दर्शन ते हे असे. पुढे कळले की त्या आठवड्यातून एकदा प्रत्येक वॉर्ड निजून तपासत. एकदा नव्याने आलेले वैद्यकीय अधिकारी फेरीवर असता त्यांना बाई अशाच खाटेवर दिसल्या. त्यांनी घाईने नाडी धरली. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "नाडी बरोबर हाये भाऊ. तुमचे हात मातर थंडे हायेत. रोग्याले लावाच्या आधी घासत जा." तेव्हापासून ते अधिकारी वॉर्डाच्या दारात तळवे घासताना दिसू लागले. नवख्यांना वाटे, साहेब देवाला हात जोडत आहेत.

विद्यालयात नव्या आलेल्या मुलींचा पहिला धडा पुस्तकात नव्हता. प्रत्येकीने एक पूर्ण दिवस रोगी होऊन खाटेवर पडून राहायचे. दुसरीच्या हातून घास खायचा, दुसरीच्या हातून अंग पुसून घ्यायचे आणि कोणी विचारल्याखेरीज एक शब्द बोलायचा नाही. दुपारपर्यंत मुली रडकुंडीला येत. एकीला मी विचारले, "भूक लागली होती का?" ती म्हणाली, "नाई गुरुजी. पान्याचा गिलास हातभर दूर होता. आन कोनी विचारतच नव्हतं." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "आता तुले अर्धी नर्सिंग आली. उरलेली अर्धी तीन वर्सांत शिकशीन."

बाईंच्या हातात नेहमी एक लहानसे सागवानी स्टूल असे. एका हातात नोंदींची वही आणि दुसऱ्या हातात ते स्टूल, अशा त्या वॉर्डातून चालत. रोग्याजवळ गेल्या की स्टूल ठेवीत, बसत, रोग्याकडचे घोटभर पाणी मागून पीत आणि मगच बोलत. उभ्याने प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्या शिक्षा करीत नसत. स्वतः उठून आपले स्टूल तिच्यापुढे सरकवीत. त्यामुळे त्या मुलीला जी लाज वाटे, ती कोणत्याही शिक्षेपेक्षा अधिक काळ टिके.

या स्टुलामागे आमच्या मुलखाची एक रीत होती. मी जन्मभर ती पाळत आलो होतो, पण तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. आमच्या धानाच्या गावांत वाटेने जाणारा माणूस दाराशी थांबून "कसं हाये?" असे विचारतो, तेव्हा "बरं हाये" एवढेच म्हणायचे असते. जो उभा आहे तो निघालेला आहे, आणि निघालेल्याच्या डोक्यावर आपले ओझे ठेवू नये, असा त्यातला भाव. तोच माणूस ओसरीवर टेकला, पाणी प्याला, की दुसऱ्यांदा विचारतो, "मंग, कसं हाये?" खरे उत्तर मिळते ते या दुसऱ्या प्रश्नाला. बाई म्हणत, "दवाखान्यात समदे उभ्यानं विचारतात. मंग कागदावर समद्याइलेच बरं असते, आन खाटेवर कोनालेच नाई."

यातून त्यांच्या संशोधनाचा जन्म झाला, आणि त्याला निमित्त झाले करीमभाई. हे बल्लारपूरचे सुतार. करवतीने बोट कापले म्हणून दाखल झाले होते, टाकेही चारच. विद्यालयातील एका मुलीने नियमाप्रमाणे त्यांच्यापुढे वेदना मोजण्याची छापील पट्टी धरली आणि शून्य ते दहा यांतील आकडा विचारला. करीमभाईंना वाटले, ही मुलगी परीक्षेला बसली आहे आणि आपल्याकडून गुण मागत आहे. ते हसतमुखाने म्हणाले, "दहापैकी दहा, बेटी. सेवा एकदम फर्स्ट क्लास हाये." मुलगी धावत गेली, डॉक्टर आले, जबर इंजेक्शन दिले गेले आणि करीमभाई संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. जागे झाल्यावर म्हणाले, "अब कोनी पुछा तो ग्यारा सांगीन. असी झोप शादीनंतर आज लागली." घरी गेल्यावर त्यांनी आलापल्लीच्या सागाचे ते स्टूल घडवून बाईंना आणून दिले.

बाई हसल्या खऱ्या, पण वहीत त्यांनी ती गोष्ट शब्दशः उतरवली. नंतर वर्षभर त्या असे प्रसंग टिपत राहिल्या. त्यांची खात्री झाली की आमच्या लोकांना दुखणे आकड्यांत सांगता येत नाही. कामात सांगता येते. म्हणून त्यांनी चार प्रश्न बसवले. आत्ता उठून रोवना लावता येते का? मोह वेचता येते का? चुलीपाशी बसता येते का? कुशीवर होता येते का? ज्याला चिखलात दिवसभर वाकून धानाची रोपे लावता येतील त्याचे दुखणे थोडे. ज्याला कुशीवरही वळता येत नाही त्याचे सर्वांत अधिक. माणूस पाहून त्या प्रश्न बदलत. करीमभाईंसाठी रंधा होता, कागद कारखान्याच्या कामगारासाठी सायकल होती.

मला बोलावले होते ते यासाठीच. त्यांचा अभ्यास ज्या संशोधन समितीपुढे जायचा होता, तिचा नियम असा की प्रश्नावलीची भाषा शुद्ध आणि सुबोध असल्याचे भाषातज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडले पाहिजे. बाईंच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता. त्याआधी प्रमाणपत्रासह कागद गेले नाहीत, तर त्यांच्या मागे तो अभ्यास चालवणारे कोणी नव्हते, आणि प्रत्येक खाटेला ती छापील पट्टी तशीच लटकत राहणार होती. त्यांना माझी एक सही हवी होती.

मी पाठशाळेत शिकलेला. पुढे हायस्कुलात जन्मभर संस्कृत आणि मराठी शिकवले. भाषा ही मला देवतेसारखी. तिच्या गाभाऱ्यात अपशब्द नेणे माझ्या हातून होणारे नव्हते. 'मोह वेचता येते का?' हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा तर, विकारांनी घेरलेला जीव आपला मोह वेचून टाकू शकतो का, असा काही आध्यात्मिक प्रश्न बाई रोग्यांना विचारतात, असे मला वाटले. मी कौतुकाने तसे म्हणालोही. बाई म्हणाल्या, "मोहफूल, गुरुजी. झाडाखाली पडते ते."

मी त्यांना संपूर्ण प्रश्नावली नव्याने लिहून दिली. वेदनेचे असह्य, तीव्र, मध्यम आणि सौम्य असे चार प्रकार केले आणि मोहाच्या जागी 'मधूकपुष्पांचे संकलन करणे शक्य आहे काय?' असे योजले. बाईंनी तो कागद घडी घालून वहीत ठेवला, मला हाताला धरून वॉर्डात नेले आणि एका वृद्धेच्या खाटेशी उभे केले. म्हणाल्या, "विचारा."

मी विचारले, "आजी, आपली वेदना सौम्य आहे का?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "सौम्या? ते तं माही नातीन हाये. आश्रमशाळेत हाये ते. तुमी मास्तर हा का तिचे?"

"आता ते दुसरं विचारा," बाई म्हणाल्या, "फुलायचं."

मी विचारले नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची मराठी लय चोख हाये, गुरुजी. पन तिले कधी ताप येत नाई."

तरीही मी सही केली नाही. 'रोवना लावता येते' आणि 'मोह वेचता येते' यांना शुद्ध म्हणून प्रमाणित करायचे, तर ज्या मुलांच्या वह्यांत मी असलीच रूपे तांबड्या शाईने खोडली, त्यांना काय उत्तर द्यावे? बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून विद्यालय सुटले की त्या स्टूल घेऊन आमच्या घरी येऊ लागल्या. ओसरीवर स्टूल ठेवीत, बसत, पाणी मागून पीत आणि मला विचारीत, "मंग गुरुजी, कसं हाये?"

"सही होणार नाही," मी म्हणे.

"बरं," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात माझ्या पत्नीकडे जात. तिकडून कुजबूज ऐकू येई, मध्येच पत्नीचे हसणे. इतके मोकळे हसणे मी फार दिवसांत ऐकले नव्हते; पण त्या काय बोलतात याकडे मी लक्ष दिले नाही.

एकदा जाता जाता त्या माझ्या देवघराच्या दाराशी थांबल्या. मी जप संपवून उठत होतो. "गुरुजी, तुमी रोज देवाले हजार नावानं हाका मारता?"

"हो. एकेका नामात त्याचे एकेक रूप आहे."

"मंग दुखन्याले चारच नावं काऊन?" एवढे बोलून त्या फाटकाबाहेर पडल्या.

इथे माझ्या पत्नीविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती सिंदेवाहीकडच्या एका धानाच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडी तिकडची झाडीबोली होती. मी ती सौम्यपणे, पण न चुकता दुरुस्त केली. 'मले' म्हणाली की मी 'मला' म्हणे; 'काऊन' म्हणाली की 'का'. वर्षभरात तिची भाषा निर्दोष झाली. माझ्या अध्यापनातील ते पहिले यश, असे मी मित्रांना अभिमानाने सांगत असे.

बाईंच्या या फेऱ्या चालू असतानाच, त्यांच्याच रुग्णालयात तिच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "काय मावशी, कसं आहे?" ती म्हणाली, "बरं आहे." ते गेले. मी घरून पूजेचे तीर्थ घेऊन गेलो होतो, ते तिला दिले आणि उभ्यानेच विचारले, "कसे वाटते?" ती म्हणाली, "बरं आहे. तुम्ही जेवलात का?" तिचे कपाळ मला किंचित गरम लागले; पण ती बरे आहे म्हणत होती, आणि तिच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचा प्रसंग आमच्या संसारात कधी आला नव्हता.

दुपारी बाई आल्या. स्टूल उशाशी ठेवले, बसल्या, तांब्यातले पाणी प्याल्या. तळवे एकमेकांवर घासले आणि पत्नीचा हात हातात घेतला.

"काय वो काकू, घरी असत्या तं आत्ता काय करत असत्या?"

"चुलीपाशी असते."

"आत्ता बसता येते चुलीपाशी?"

पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे. आणि जी भाषा मी तिच्या तोंडून चाळीस वर्षे ऐकली नव्हती, त्या भाषेत ती बोलू लागली.

"नाई वो बाई. बसनं कायचं, मले कुशीवरबी होता येत नाई. कालपासून आंदरून ठनकून राह्यलं. पहाटे हिव भरलं, दात वाजत होते. मले वाटलं, सांगाव का नाई, डॉक्टर उभेच होते."

बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले. हात मात्र वेगाने चालू लागले. त्यांनी ताप पाहिला, पट्टी सोडली, टाक्यांच्या कडेला दोन बोटे टेकवली आणि जवळच्या मुलीला म्हणाल्या, "पळ. सरजनले आन. सांग, हिव भरून राह्यलं आन ठनकून राह्यलं. हेच दोन शब्द सांग, आपल्या मनचे नोको सांगू." टाक्यांखाली पू साचू लागला होता. तासाभरात तो मोकळा केला गेला, औषध बदलले गेले. शल्यचिकित्सक मला म्हणाले की आणखी एक दिवस गेला असता, तर विष अंगभर पसरले असते.

मी व्हरांड्यातील बाकावर बसलो होतो. हातातल्या पंचपात्रीतले उरलेले तीर्थ सांडून धोतर ओले झाले होते, तेही मला कळले नव्हते. बाई आल्या. स्टूल ठेवून माझ्यासमोर बसल्या.

मी म्हणालो, "तिने मला सांगितले नाही."

"सांगितलं ना. बरं आहे म्हनून सांगितलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "गुरुजी, काकू तुमच्यासंगं तुमच्या भाषेत बोलतात. त्या भाषेत त्याइचं कधी दुखलंच नाई. त्याइचं दुखनं समदं माहेरच्या बोलीत ठेवलं हाये."

मी त्यांच्याकडे तो प्रमाणपत्राचा कागद मागितला. तो त्यांच्या वहीत होताच. माझ्या मधूकपुष्पांच्या घडीशेजारी. पेनही त्यांचेच घेतले. सही करण्यापूर्वी मला थोडे थांबावे लागले, कारण जे खरे नाही ते लिहिणार नाही, हा माझा नियम तेव्हाही सुटलेला नव्हता. आणि तेव्हा मला पाठशाळेतील एक संज्ञा आठवली. ऋषींच्या वाणीत कुठे व्याकरणाच्या नियमाबाहेरचे रूप आले, तर आम्ही त्याला चूक म्हणत नाही. आर्ष प्रयोग म्हणतो, आणि त्यापुढे नमस्कार करून पुढे जातो. ज्याने सत्य पाहिले त्याच्या शब्दापाशी व्याकरणाने थांबायचे असते. मी प्रमाणपत्रावर लिहिले, 'प्रस्तुत प्रश्नावलीतील भाषा सुबोध आहे. त्यातील प्रयोग आर्ष आहेत. ते बदलू नयेत.' आणि खाली सही केली.

काही दिवसांनी समितीकडून बाईंना दूरध्वनी आला. मी योगायोगाने तिथेच होतो. पलीकडून विचारणा झाली की आर्ष म्हणजे काय. बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. "आर्ष म्हन्जे, त्याले हात नाई लावाचा," त्या म्हणाल्या. इतकी नेमकी व्याख्या मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी देऊ शकलो नव्हतो. अभ्यास मान्य झाला. आज त्या वॉर्डात खाटांना छापील पट्ट्या नाहीत. मुली चार प्रश्न विचारतात, आणि बसून विचारतात. स्टूल बाईंनी निवृत्तीच्या दिवशी विद्यालयातच ठेवले.

त्या आता मुलचेऱ्याकडे राहतात. तिथल्या बंगाली वस्त्यांतील बायांकडून दुखण्याची नावे जमवणे चालू आहे. मधूनच फोन येतो. "गुरुजी, लय नावं भेटून राह्यली. तुमी बंगाली शिकून ठेवा. सही लागन." मी त्यांना सांगितले आहे की या वयात ते कठीण आहे. त्यांनी "बरं" म्हटले, म्हणजे त्या पुन्हा विचारणार.

पत्नी घरी आली तेव्हा चैत्र लागला होता आणि आमच्या कुंपणापलीकडील मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडू लागला होता. करीमभाईंनी उरलेल्या सागातून दुसरे एक स्टूल करून दिले होते. एके सकाळी पूजा आटोपून मी ते स्वयंपाकघरात नेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"कसे वाटते?" मी विचारले.

"बरं आहे."

मी स्टूल ठेवले, बसलो आणि पाणी मागितले. तिने नवलाने पेला दिला. मी तो सावकाश प्यालो. मग घसा साफ करून, जन्मात प्रथमच, म्हणालो, "मंग, कसं हाये?"

माझा उच्चार बहुधा फारच वाईट झाला असावा. ती हसू लागली. भिंतीचा आधार घेऊन, पोटावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"हसवू नका ना मले," ती म्हणाली. "टाके दुखून राह्यले."

"किती?"

"मोह वेचता येते. रोवना नाई."

मी पेला खाली ठेवला आणि बसून राहिलो.